स्पीकर फाटला आहे की आवाज फाटतो आहे?

गाडीतली गाणी नीट ऐकू येईनाशी झाली की मालक दुकानात जाऊन सांगतो, "आवाज फाटतोय." या दोन शब्दांत दोन निराळे बिघाड दडलेले असतात. पहिल्यात दरवाजातल्या स्पीकरचा पडदा, त्याची कडा किंवा आतली कॉइल खरोखर निकामी झालेली असते. दुसऱ्यात स्पीकर धडधाकट असतो, पण त्याच्याकडे येणारा सिग्नलच वाटेत कुठेतरी छाटला गेलेला असतो, आणि स्पीकर मिळाले तेच इमानाने वाजवत असतो. कानाला दोन्ही बऱ्याच अंशी सारखे लागतात. मात्र पहिल्यात स्पीकर बदलावाच लागतो आणि दुसऱ्यात तो बदलून काडीचाही फरक पडत नाही. दुकानात बहुतेक वेळा तपासणी न करता स्पीकर बदलण्याचाच सल्ला मिळतो, कारण स्पीकर विकता येतो, सेटिंग विकता येत नाही.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. जुन्या हॅचबॅकच्या पुढच्या दोन्ही दरवाजांत साडेसहा इंची नवे स्पीकर बसवून घेतले, आणि घरी परतताना त्याच लावणीत, ढोलकीच्या त्याच थापेवर, तोच फाटका आवाज पुन्हा आला. फोनमधल्या इक्वलायझरवर बास बूस्ट चढवून ठेवलेला आहे, हे लक्षात यायला दोन आठवडे गेले.

स्पीकर फाटतो म्हणजे काय होते, ते आधी पाहू. चुंबकाच्या अरुंद फटीत बारीक तारेची कॉइल असते. स्पायडर नावाची वळ्यावळ्यांची कापडी चकती तिला मधोमध धरून ठेवते, आणि कॉइलला जोडलेला पडदा बाहेरच्या बाजूने फोम, रबर किंवा कापडाच्या लवचीक कडेवर तोललेला असतो. कंपनीकडून येणाऱ्या साध्या स्पीकरांत पडदा पुष्कळदा कागदाचा असतो, आणि दरवाजाच्या आतली जागा कागदाला मानवणारी नाही. खिडकीच्या काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणी दरवाजाच्या पोकळीतूनच खाली जाते आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडते. ती भोके चिखलाने बुजली की पोकळीत ओल साचून राहते. कोकणात किंवा मुंबईत चार पावसाळे काढलेल्या गाडीचा स्पीकर उघडला, तर पडद्यावर ओल येऊन वाळल्याचे पिवळट डाग आणि टर्मिनलवर हिरवट गंज हमखास दिसतो. फोमची कडा जुनी झाली की बोटाने दाबताच भुगा होऊन पडते. कॉइल तापून तिचा आकार बिघडला किंवा स्पायडर एका बाजूला ओढला गेला की कॉइल चुंबकाला घासू लागते, आणि हा घासण्याचा खरखराट हळू आवाजातही लपत नाही.

आता दुसरा प्रकार. डॅशबोर्डमधला म्युझिक सिस्टीमचा डबा गाडीच्या बॅटरीवर चालतो आणि इंजिन सुरू असताना त्याला साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. त्यातला ॲम्प्लिफायर स्पीकरच्या दोन तारांमध्ये जास्तीत जास्त एवढाच दाब कधी एका दिशेने, कधी दुसऱ्या दिशेने देऊ शकतो. गोलाईदार लहरीचा माथा १४.४ व्होल्टवर असेल, तर तिचा प्रत्यक्ष काम करणारा सरासरी दाब (आरएमएस) सुमारे १०.२ व्होल्ट होतो, आणि ४ ओहमच्या स्पीकरमध्ये त्याचे २६ वॅट होतात. आतल्या आयसीची, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या चिपची, घट वजा जाता प्रत्यक्षात स्वच्छ असे वीसेक वॅट हाती लागतात. मग खोक्यावर ५० गुणिले ४ वॅट कसे छापतात? १४.४ चा वर्ग करून ४ ने भागले तर ५१.८ येतात. लहरीचे माथे पूर्ण छाटून ती चौकोनी झाली, तरच हा आकडा गाठता येतो. खोक्यावरचे ५० वॅट हे फाटलेल्या आवाजाचे वॅट आहेत, एवढे ध्यानात ठेवले तरी दुकानातली बरीचशी फसगत टळते.

यात बास बूस्टची भर पडते. इक्वलायझरवर खर्जाची पट्टी ६ डेसिबलने वर सरकवली की त्या सुरांसाठी चौपट वॅट लागतात. जिथे १० वॅटमध्ये काम भागत होते तिथे ४० मागितले जातात आणि डब्याकडे वीसच असतात, म्हणून लहरीचा माथा कापला जातो. हे कापणे डब्यातच होते असेही नाही. फोनच्या इक्वलायझरमध्ये, गाणे वाजवणाऱ्या ॲपमध्ये किंवा ऑक्सच्या तारेतून जास्त जोराचा सिग्नल आत शिरतानाही ते होऊ शकते, आणि एकदा कापलेला माथा पुढे कितीही महागडा स्पीकर लावला तरी परत उगवत नाही. जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या नाट्यपदांत तर पुष्कळदा ध्वनिमुद्रणच चढे असते. तिथे गाडीकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही.

दोन्हींतला फरक ओळखण्याचा पहिला उपाय फुकटचा आहे. आवाज अगदी कमी करा, घरात दोन माणसे बोलतात तितका, आणि खर्जाचे लांब सूर असलेले काही लावा. फोनवर शुद्ध सूर काढणारे ॲप मिळते, त्यात ४० ते २०० हर्ट्झपर्यंत सावकाश वर जाणे सर्वांत उत्तम. फोनचा आणि डब्याचा इक्वलायझर सपाट असेल, तर एवढ्या हळू आवाजात सिग्नल छाटला जाण्याचा प्रश्न सहसा येत नाही. तरीही एखाद्या ठरावीक सुरावर भुणभुण किंवा खरखर उठत असेल, तर दोष यांत्रिक आहे. उलट एका ठरावीक पायरीपर्यंत सगळे स्वच्छ आणि त्यापुढे एकदम कर्कश, ढोलकीच्या थापेसरशी गायकाचा आवाजही त्याच क्षणी खरवडल्यासारखा, आणि दोन पायऱ्या खाली येताच पुन्हा निर्मळ, असे होत असेल तर छाटलेल्या सिग्नलचा संशय धरावा. इंजिन बंद केल्यावर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास येते आणि उपलब्ध वॅट जवळजवळ चतुर्थांशाने घटतात, त्यामुळे हा कर्कशपणा किंचित आधी सुरू होतो; पण हा फरक सव्वा डेसिबलहूनही कमी असल्याने केवळ त्यावर विसंबू नये.

त्यानंतर बॅलन्स (डावा-उजवा) आणि फेडर (पुढचा-मागचा) फिरवून एकेक कोपरा वेगळा ऐकावा. चारही कोपरे सारखेच फाटत असतील, तर चार स्पीकर एकाच आठवड्यात बिघडले असे मानण्यापेक्षा मूळ सिग्नल तपासणे शहाणपणाचे आहे. एकच कोपरा फाटत असेल, तर डब्यामागच्या कपलरवर, म्हणजे तारा जोडणाऱ्या प्लगवर, डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करावी. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर डब्याचे ते चॅनेल बिघडलेले आहे. जागचा हलला नाही तर स्पीकर किंवा दरवाजातली वायर. दरवाजा आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतून जाणारी वायर हजारो वेळा दुमडून आतल्या आत तुटते, आणि दरवाजा उघडता-मिटताना आवाज जातो-येतो हे तिचे ठळक लक्षण आहे. हे करताना स्पीकरची उणे तार गाडीच्या पत्र्याला टेकणार नाही याची काळजी घ्यावी. या डब्यांत ती तार म्हणजे अर्थिंग नसते, तिच्यावरही दाब असतो, आणि क्षणभराच्या स्पर्शाने आयसी जाऊ शकतो.

डोअर पॅड, म्हणजे दरवाजाचे आतले आवरण, काढल्यावर दोन तपासण्या राहतात. चार बोटे पडद्यावर सारख्या अंतरावर टेकवून तो हळूच आत ढकलावा. वाळूवर पाय घासल्यासारखा आवाज किंवा खरखरीत स्पर्श जाणवला तर कॉइल घासते आहे. मग स्पीकरचा कपलर सोडवून मल्टिमीटर लावावा. ४ ओहमचा निरोगी स्पीकर साधारण ३.२ ते ३.८ ओहम दाखवतो. मीटरने काहीच दाखवले नाही तर कॉइल जळलेली किंवा तिची तार तुटलेली आहे. ट्विटरच्या, म्हणजे उंच सुरांच्या छोट्या स्पीकरच्या, बाबतीत मात्र इथे भलेभले फसतात. कंपनीच्या ट्विटरला ओळीने एक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो, जो खर्जाचे सूर अडवतो, ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४ ओहमच्या ट्विटरला सुमारे साडेआठ हजार हर्ट्झच्या वरचेच सूर पोहोचू देतो. मीटरचा एकदिश प्रवाहही तो अडवतो, म्हणून उत्तम चालणारा ट्विटरसुद्धा मेल्यासारखा दिसतो. कपॅसिटरच्या पुढे, थेट ट्विटरच्या टोकांवर मोजल्याशिवाय निकाल देऊ नये.

या दोघांच्या जोडीला एक बहुरूपी असतो: सैल झालेली डोअर पॅडची क्लिप, किंवा दरवाजाच्या खणात पडलेली नाणी. पॅड तळहाताने घट्ट दाबून धरा. खरखर थांबली तर काम पाच रुपयांच्या क्लिपने भागणार आहे.

दोन्ही बिघाड परस्परांपासून कायमचे वेगळे राहतात, असेही नाही. कमी वॅटच्या डब्यामुळे स्पीकर जळतात, असे बाजारात सांगितले जाते. कमी वॅट मिळाल्याने स्पीकरला काहीही होत नाही; पण तोच डबा रेटून वाजवला तर माथे छाटलेली लहर त्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुपटीपर्यंत वॅट वाहून नेते, शिवाय छाटण्यातून निर्माण झालेले उंच सूर ट्विटरच्या नाजूक कॉइलवर जाऊन आदळतात. म्हणून आवाज महिनोन्‌महिने फाटत राहिला, की एखाद्या दिवशी स्पीकरही फाटतो, आणि पहिला मान बहुधा ट्विटरचा असतो.

आता बदलण्याविषयी. स्पीकर खरोखर गेला असेल तर नवा घेताना वॅटचा आकडा मागे ठेवून संवेदनशीलता पाहावी, म्हणजे दिलेल्या विजेत तो किती डेसिबल आवाज काढतो ते. कंपनीचा स्पीकर हलक्या पडद्याचा आणि थोड्या वॅटवर बोलणारा असतो. बाजारातल्या अनेक भारी स्पीकरांचा पडदा जड आणि कडा ताठ असते, कारण ते वेगळा ॲम्प्लिफायर गृहीत धरून घडवलेले असतात. असा स्पीकर मूळ डब्यावर लावला की तो हळू वाजतो. तीन डेसिबलची तूट भरून काढायला दुप्पट वॅट लागतात, मालक व्हॉल्यूम वाढवतो, आणि डबा पूर्वीपेक्षा लवकर छाटू लागतो. ज्याचा मूळ दोष सिग्नलचा होता त्याने स्पीकर बदलला की दुखणे वाढते ते असे. आकड्यांची तुलना करतानाही एक मेख आहे: काही उत्पादक १ वॅटवर मोजतात, तर काही २.८३ व्होल्टवर. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीचा आकडा आयता ३ डेसिबलने फुगलेला असतो. जुन्या स्पीकरच्या चुंबकामागे लिहिलेले ओहमही वाचून घ्यावेत, कारण काही गाड्यांत कंपनीचा वेगळा ॲम्प्लिफायर आणि २ ओहमचे स्पीकर असतात. तिथे ४ ओहमचा लावल्यास जवळपास निम्मेच वॅट मिळतात.

दोष सिग्नलचा असेल तर आधी सगळे इक्वलायझर सपाट करावेत, आणि डब्यात सोय असल्यास दरवाजातल्या स्पीकरांना ८० हर्ट्झच्या खालचे सूर मिळणार नाहीत असे करावे. एवढ्याने भागले नाही, तरच चॅनेलमागे ५०-६० वॅट आरएमएस देणारा ॲम्प्लिफायर घ्यावा, आणि त्याची तार बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत फ्यूज घालूनच ओढावी. त्याच्याकडून दुप्पट मोठ्या आवाजाची अपेक्षा धरू नये. वीस वॅटचे साठ झाले तरी वाढ पाच डेसिबलच्या आतच राहते, आणि कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. मिळतो तो मोकळेपणा: ढोलकीची थाप पडताना गायकाचा आवाज जागचा हलत नाही.

बसवण्याचे काम कोणतेही असो, वायर कापू न देता गाडीच्या कपलरला जुळणारा कपलर वापरायला सांगावे, म्हणजे वॉरंटीच्या वेळी वाद होत नाही; आणि पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद फाडू देऊ नये, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी पायाशी येते. पॅड मिटण्यापूर्वी दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टर्मिनलला टेकवावा. अधिकला अधिक लावल्यावर पडदा बाहेर आला पाहिजे, आणि दोन्ही दरवाजांत तो एकाच दिशेने हलला पाहिजे. एका बाजूची जोडणी उलटी झाली, तर दोन्ही स्पीकर उत्तम असूनही खर्ज एकमेकांत विरून जातो.

माझ्या गाडीतून काढलेले कंपनीचे स्पीकर मी डिकीत टाकून ठेवले होते. मीटरवर एक ३.४ ओहम आणि दुसरा ३.५ ओहम दाखवत होता, आणि बोटांनी दाबल्यावर दोघेही गुळगुळीत हलत होते. त्या व्हेरिएंटला मागच्या दरवाजात स्पीकर नव्हते, पण वायर आणि कपलर कंपनीने आधीच सोडलेले होते. ते दोन्ही आता तिथे वाजतात.