एकाच प्लेटवर तीन रंग, तेही न मिसळता

प्रिंटमेकिंगचा, म्हणजे प्लेटवर किंवा दगडावर चित्र करून ते कागदावर छापायच्या कलेचा, विषय निघाला की कोणीतरी हमखास सांगतं, तेल-पाणी मिसळत नाही ना, म्हणून रंग वेगळे राहतात. लिथोग्राफीत, म्हणजे सपाट दगडावरून छापताना, हे बरोबर आहे. पण चित्रकार स्टॅनली विल्यम हेटरच्या उतारवयातल्या रंगीत एचिंग्जना (धातूची प्लेट ॲसिडने कोरून काढलेल्या प्रिंट्सना) हेच कारण लावलं तर साफ चूक, कारण तिथे पाणी लागतं ते फक्त कागद ओला करायला. शाया सगळ्या तेलाच्या, तरी एकीवर दुसरी बसत नाही!

हेटर (१९०१-१९८८) मुळात केमिस्ट्री आणि जिऑलॉजी शिकलेला माणूस, १९२२ ते २५ इराणमधल्या अबादानला तेल कंपनीत नोकरी केली, मग पॅरिसला जाऊन चित्रकार झाला आणि 'अतलिए १७' हा स्टुडिओ चालवला. आधी रंगीत एचिंग म्हणजे बहुतेकदा प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट, आणि ओला कागद ताणला जातो त्यामुळे रंग जागेवर बसवताना जीव जायचा. १९५० च्या दशकात आपले प्रिंटमेकर कृष्णा रेड्डी आणि मुंबईत जन्मलेले कैको मोती याच स्टुडिओत होते, तिथे एकाच प्लेटवर सगळे रंग लावायची पद्धत तयार झाली, तिचं श्रेय या दोघांनाही जातं.

आता खरी गंमत. प्लेट ॲसिडने वेगवेगळ्या खोलीपर्यंत खायला द्यायची. सगळ्यात खोल रेषांत एक शाई भरून वरची पुसून काढायची. मग कडक रोलरने भरपूर जवसाचं तेल घातलेली पातळ शाई फिरवायची, कडक रोलर दबत नाही म्हणून ती फक्त उंचवट्यांवर बसते. मग मऊ रोलरने घट्ट शाई. हा रोलर दबून खोलगट भागात पोचतो आणि तिथे शाई सोडतो, उंचवट्यांवर मात्र सोडत नाही. का? रोलर उचलताना मधला थर ताणला जाऊन तुटतो, आणि तुटतो तो सगळ्यात कमजोर जागी, म्हणजे पातळ शाईच्या आतच. घट्ट शाई रोलरबरोबर परत जाते. तेलकट डब्यावर सेलोटेप चिकटत नाही, तसंच काहीसं. उलट क्रमाने, आधी घट्ट आणि वर पातळ लावली, तर पातळ स्वतःच तुटते, अर्धी खाली राहते आणि रंगावर रंग चढतो. चार रंगांच्या ऑफसेट मशीनवर पुढची शाई आधीच्यापेक्षा कमी चिकट ठेवतात ते याच हिशोबाने.

त्यात आणखी एक गुंता आहे, छपाईची शाई थिक्सोट्रॉपिक असते, म्हणजे सुरीने घोटली की सैल होते आणि ठेवून दिली की परत आवळते, शिवाय ताणण्याचा वेग वाढवला तर ती जास्त चिकट वागते, म्हणून रोलर किती जोरात फिरवला यावरसुद्धा रंग बदलतो. नुसती व्हिस्कॉसिटी, म्हणजे शाईचा घट्टपणा, मोजून भागत नाही.

अशा प्रिंट्सबद्दल 'रंगांची स्पंदनं', 'ऊर्जा' वगैरे लिहिलेलं वाचलं की मला वास्तुवाले सात घोडे आठवतात. इथे ऊर्जा लागते ती प्रेसचं चाक फिरवायला.

हेटरची शेवटची तीसेक वर्षांची कामं बघा, लाटांसारख्या रेषा आणि काही ठिकाणी डोळ्यात घुसणारे फ्लोरोसंट रंग. हिरव्याच्या मधून नारिंगी डोकावतो आणि दोघं चिखल होत नाहीत. पण एकाच प्लेटच्या सगळ्या प्रती सारख्या काढायच्या तर खोलीचं तापमान सांभाळावं लागतं, कारण शाई तापली की पातळ होते आणि उंचवट्यांवर नको तो रंग बसायला लागतो.