मायक्रोआरएनए आणि लाँग नॉन-कोडिंग आरएनए, एकच नव्हेत

२०२४ चं मेडिसिनचं नोबेल अँब्रोस आणि रुव्हकुनना मिळालं तेव्हा आमच्या ग्रुपवर एकाने लगेच टाकलं, "म्हणजे ते लाँग नॉन-कोडिंगवालं ना?" नाही रे बाबा, ते मायक्रोआरएनए. आरएनए म्हणजे डीएनएवरून उतरवलेली प्रत; काही प्रतींपासून पेशी प्रोटीन बनवते, पण या दोघांपासूनही प्रोटीन बनत नाही, म्हणून लोक एकाच पोत्यात भरतात.

मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांचा (अक्षर म्हणजे आरएनएच्या साखळीतला एक दुवा) चिटुकला तुकडा, काम ठरलेलं: आर्गोनॉट प्रोटीनमध्ये बसायचं, जुळणारा मेसेंजर आरएनए (प्रोटीनची कृती वाहून नेणारा) पकडायचा आणि त्याचं प्रोटीन बनू द्यायचं नाही. लाँगवाले २०० अक्षरांच्या पुढे कितीही (हा आकडा सोयीसाठी धरलेला, हल्ली काही जण ५०० म्हणतात) आणि त्यांचं काम असं एका ओळीत सांगताच येत नाही. एक्सिस्ट नावाचा तर जवळपास १७ हजार अक्षरांचा, बाईच्या पेशीतल्या दोन एक्सपैकी एका क्रोमोसोमवर पांघरूण घालून त्याला झोपवतो. त्यात एच१९ सारखे घोळ घालणारे पण आहेत, स्वतः लाँग, पण त्याच्यातूनच कापून एक मायक्रोआरएनए निघतो!

औषधाच्या बाबतीत मला अँजेलमन सिंड्रोमचं उदाहरण सगळ्यात भारी वाटतं. यात मूल नीट बोलत नाही, चालताना तोल जातो, फिट्स येतात. न्यूरॉनमध्ये युबीई३ए या जीनची फक्त आईकडून आलेली कॉपी चालते, वडिलांची धडधाकट असून गप्प, कारण तिच्या उलट्या बाजूने एक लांबलचक नॉन-कोडिंग आरएनए लिहिला जातो आणि तो तिला दाबून ठेवतो. मग आईची कॉपी गेली की झालं. तर आयडिया अशी की त्या लांब आरएनएला चिकटणारा छोटा अँटीसेन्स (म्हणजे उलट अक्षरांनी जुळणारा) तुकडा द्यायचा, पेशीतलं एन्झाइम तिथेच त्या लांब आरएनएला कापतं आणि वडिलांची कॉपी जागी होते. उंदरांत हे जमलंय, मुलांमध्ये मणक्यातून इंजेक्शन देऊन ट्रायल चालू आहेत. हा तुकडाही विशीतल्या अक्षरांचाच असतो म्हणून त्याला मायक्रोआरएनए समजू नका, तो लॅबमध्ये बनवलेला असतो.

मायक्रोआरएनएची अडचण वेगळी, एकटा शेकडो जीन्सना हात लावतो. कॅन्सरसाठी एमआरएक्स३४ म्हणून एका मायक्रोआरएनएची नक्कल देऊन बघितली होती, पण पेशंटमध्ये इम्यून रिअ‍ॅक्शन इतक्या गंभीर आल्या की २०१६ मध्ये ट्रायल थांबवावी लागली. लाँगवाले बरेचदा एखाद्याच अवयवात सापडतात, त्यामुळे तपासणीला सोयीचे. प्रोस्टेट कॅन्सरमध्ये वाढणारा पीसीए३ हा लाँगवाला लघवीत मोजतात, अमेरिकेच्या एफडीएने ती टेस्ट २०१२ मध्येच मान्य केली, पहिली बायॉप्सी निगेटिव्ह आल्यावर परत सुई टोचायची का हे ठरवायला.