लाल झाकणाखालचे बटण: व्हीएचएफ संचावरील डीएससी सुविधेविषयी ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडून व्हीएचएफ संच (नौकेवरील कमी पल्ल्याचा रेडिओ) घेणाऱ्या ट्रॉलरमालकांना, तांडेलांना आणि गोव्यातील मांडवी-झुवारी नद्यांच्या मुखाबाहेर पर्यटकांना नेणाऱ्या बोटचालकांना हे पत्रक संचासोबत दिले जाते. संचावरील लाल झाकणाखालचे संकटाचे बटण सर्वांनाच ठाऊक असते. मात्र ते उपयोगी पडावे यासाठी कोणती दोन कामे आधी झालेली असावी लागतात, याची चौकशी फार थोडे ग्राहक करतात.

बटण दाबल्यावर संच डीएससी (डिजिटल सिलेक्टिव्ह कॉलिंग) पद्धतीने ७० क्रमांकाच्या चॅनेलवर सुमारे अर्ध्या सेकंदाचा सांकेतिक संदेश सोडतो. त्यात नौकेचा ओळख क्रमांक, अक्षांश-रेखांश, वेळ आणि निवडला असल्यास संकटाचा प्रकार असतो. संदेश इतका छोटा असल्यामुळे, जेथे बोलणे खरखरीत बुडून जाते तेथेही तो पोचण्याची शक्यता अधिक असते; शिवाय टप्प्यातील डीएससी संचांवर घंटा वाजते, मग तेथील खलाशी त्या वेळी १६ क्रमांकावर (संकटाच्या तोंडी हाकेच्या चॅनेलवर) असोत वा दुसऱ्या चॅनेलवर बोलत असोत. ७० हे चॅनेल केवळ या संदेशांसाठी राखीव आहे, त्यावर बोलू नये.

पहिले काम ओळख क्रमांकाचे. एमएमएसआय हा नऊ अंकी क्रमांक असून भारतीय नौकांचा क्रमांक ४१९ ने सुरू होतो. तो नौवहन महासंचालनालयाकडून मिळतो आणि तो संचात भरेपर्यंत लाल बटण काम करत नाही. ‘तूर्त कोणताही आकडा टाकून द्या’ अशी विनंती आमच्याकडे येते. ती आम्ही मान्य करत नाही, कारण खोट्या क्रमांकावरून आलेल्या हाकेचा शोध भलत्याच नौकेच्या मालकापाशी जाऊन थांबू शकतो. बहुतेक संचांत हा क्रमांक एकदोनदाच भरता येतो, म्हणून तो कागदावरून दोघांनी ताडून मगच भरावा.

दुसरे काम जीपीएसचे, आणि आमच्या मते सर्वाधिक हयगय येथेच होते. संचात जीपीएस अंगभूत नसेल तर चार्टप्लॉटरपासून (नौकेचे स्थान नकाशावर दाखवणाऱ्या यंत्रापासून) दोन तारा आणाव्या लागतात. त्या उलट जोडल्या गेल्या किंवा प्लॉटरचा डेटा-वेग संचाशी जुळला नाही (जुन्या पद्धतीच्या जोडणीत तो ४८०० असतो), तर पडद्यावर स्थान येत नाही. अंगभूत जीपीएसलाही लोखंडी केबिनच्या छताखाली उपग्रह सापडेलच असे नाही. जेटी सोडण्यापूर्वी पडद्याकडे एकदा पाहावे: मालीम असो वा कुटबण, १५ अंश उत्तर आणि ७३ अंश पूर्व हे आकडे दिसलेच पाहिजेत. स्थान हाताने भरता येते, पण ते चार तासांत जुने झाल्याची सूचना संच देतो, आणि तेवढ्या वेळात सात नॉटने (ताशी सात सागरी मैल) चालणारा ट्रॉलर अठ्ठावीस सागरी मैल दूर गेलेला असतो.

प्रत्यक्ष संकटात झाकण उचलून, वेळ असल्यास आग, पाणी शिरणे, माणूस पाण्यात पडणे यांपैकी प्रकार निवडावा आणि उलटी मोजणी संपेपर्यंत बटण दाबून धरावे. पोच मिळेपर्यंत संच साधारण चार मिनिटांच्या अंतराने संदेश आपोआप पुन्हा पाठवतो. त्यानंतर १६ वर, २५ वॅट शक्तीवर, तीनदा ‘मेडे’ म्हणून नौकेचे नाव, एमएमएसआय, स्थान, संकट आणि नौकेवरील माणसांची संख्या सांगावी. डीएससीमुळे हे बोलणे टळत नाही.

बटण चुकून दाबले गेल्यास घाबरून संच बंद करून गप्प बसू नये. संचावरील रद्द करण्याची सोय वापरावी आणि १६ वर सर्व स्थानकांना उद्देशून नाव, क्रमांक व स्थान सांगून हाक चुकीची असल्याचे स्पष्ट करावे. चाचणीसाठी लाल बटण कधीही वापरू नये; त्यासाठी मेनूमध्ये वेगळी चाचणी-हाक असते. दुसऱ्याची संकटाची हाक आली तर स्थान लिहून घ्यावे, १६ वर कान द्यावा आणि तटरक्षक दलाचे उत्तर ऐकू न आल्यास स्वतः तोंडी पोच द्यावी.

व्हीएचएफचा पल्ला अँटेनाच्या उंचीवर अवलंबून असतो. दोन लहान नौकांमध्ये तो आठ-दहा सागरी मैलांचा, तर उंच मनोरा असलेल्या किनारी केंद्राशी त्याहून बराच जास्त मिळतो. ट्रॉलरवरील इस्रोने विकसित केलेली डॅट पेटी (संकटाची सूचना पाठवणारे यंत्र) उपग्रहामार्गे तटरक्षक दलाला संकट कळवते. जवळच्या ट्रॉलरला मात्र ती हाक ऐकू जात नाही, म्हणून पेटी आहे तर संच कशाला, हा हिशेब आम्हाला पटत नाही.

संचाची बॅटरी इंजिनच्या तळाशी न ठेवता शक्य तितकी वर ठेवावी, कारण पाणी शिरल्यावर तळातली बॅटरी प्रथम जाते. अँटेनाच्या जोडांना खारे पाणी लागून हिरवट थर धरतो. ती तपासणी १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात करून घेणे सोयीचे असते. संच काढून दुसऱ्या नौकेवर बसवायचा असल्यास जुना क्रमांक पुसण्यासाठी तो संच नौकेच्या कागदपत्रांसह दुकानात आणावा.