हेडलाइटचा झोत आणि पासिंगचा शिक्का: नियम देशागणिक का बदलतात?

एकाच मॉडेलची गाडी युरोपात आणि अमेरिकेत विकायची असेल, तर इंजिन, सांगाडा, दारे तीच ठेवूनही दिवे वेगळे करावे लागतात. मागचा इंडिकेटर अमेरिकेत लाल चालतो, युरोपात नारिंगीच लागतो. कडेचे छोटे दिवे अमेरिकेत प्रत्येक गाडीला सक्तीचे. युरोपात गाडी सहा मीटरपेक्षा लांब असेल तरच. डिपरचा झोत तर दोन्हीकडे मुळातच वेगळ्या आकाराचा. हे असे का झाले, ते समजायला 1940 पर्यंत मागे जावे लागते. त्याआधीचा कार्बाइडच्या दिव्यांचा काळ मजेशीर आहे, पण आजच्या भांडणाशी त्याचा संबंध थोडाच.

तोवर अमेरिकेत राज्याराज्याचे नियम निराळे होते. हेडलाइटच्या आत ओल आणि धूळ शिरायची, परावर्तक काळवंडायचा, आणि दिवा पेटलेला असूनही रस्ता नीट दिसायचा नाही. राज्यांचे अधिकारी आणि कारखानदार यांनी मिळून यावर तोडगा काढला तो सील्ड बीमचा. तंतू, परावर्तक आणि पुढची काच मिळून हवाबंद असा एकच मोठा बल्ब, सात इंच व्यासाचा, गोल. 1940 च्या मॉडेलांपासून सरसकट तोच. तंतू जळला की अख्खा दिवा बदलायचा, म्हणजे परावर्तक आणि काचही आपोआप नवी. कुठल्याही कंपनीची गाडी असो, कुठल्याही गावच्या दुकानात दिवा मिळणार.

या निर्णयाला आज बहुतेक जण नावे ठेवतात. युरोपात 1962 मध्ये एच1 आणि 1971 मध्ये एच4 हे हॅलोजन बल्ब आले. फक्त बल्ब बदला, दिवा तोच. अमेरिकेत मात्र 1957-58 च्या सुमारास दोनाऐवजी चार छोटे दिवे, 1975 मध्ये गोलाऐवजी चौकोनी, एवढीच काय ती प्रगती. बदलता येणाऱ्या बल्बचा हेडलाइट तिथे कायदेशीर झाला 1983 मध्ये. चाळीस वर्षे वाया गेली, असा सूर लागतो तो यावरून.

मला स्वतःला 1940 चा निर्णय चुकीचा वाटत नाही. देशभर एकसारखी तपासणी नव्हती, तेव्हा ज्याची निगा राखावीच लागत नाही असा दिवा देणे शहाणपणाचेच होते. घोळ झाला तो पुढे, 1968 पासून लागू झालेल्या, वाहनांच्या दिव्यांसाठीच्या संघीय मानक क्रमांक 108 मध्ये. रस्त्यावर अमुक ठिकाणी इतका उजेड पडला पाहिजे आणि समोरच्याच्या डोळ्यांत इतक्यापेक्षा जास्त जाता कामा नये, एवढे लिहून भागले असते. त्याऐवजी सील्ड बीम ही वस्तूच कायद्यात बांधली गेली. सोयीची गोष्ट सक्तीची झाली की ती सुधारायची कुणालाच घाई उरत नाही.

जुना सील्ड बीम कधी हाती आला तर त्याच्या काचेवर तीन बारीक उंचवटे दिसतील. नक्षी नव्हे ती. मेकॅनिक त्या तीन टेंगळांवर एक मापक टेकवायचा आणि दिवा न लावताच त्याचा कोन जुळवायचा. अमेरिकन झोताला वरची कड ठळक नसल्यामुळे नजरेने जुळवणे अवघडच होते. युरोपचा डिपर याच्या उलट. भिंतीवर पाडला तर वर काळोख, खाली उजेड, मधली रेघ सुरीने कापल्यासारखी, आणि फुटपाथच्या बाजूला ती रेघ तिरकी वर चढलेली, म्हणजे पायी जाणारा दिसावा पण समोरच्या ड्रायव्हरचे डोळे दिपू नयेत. उजवीकडून वाहतूक असेल तिथे चढ उजवीकडे, डावीकडून असेल तिथे डावीकडे. समुद्र ओलांडून इंग्लंडात आलेली फ्रेंच गाडी म्हणूनच समोरच्यांच्या डोळ्यांवर येते आणि काचेवर पट्टी चिकटवावी लागते. अमेरिकन पद्धतीचे समर्थक सांगतात, की रेघेच्या वर थोडा उजेड सांडला तरच रस्त्यावर टांगलेल्या पाट्या वाचता येतात. तेही खोटे नाही. पुढे 1997 मध्ये अमेरिकेनेही रेघ पाहून जुळवायचे दिवे मान्य केले.

1958 मध्ये जीनिव्हात वाहनांच्या सुट्या भागांना एकमेकांची मंजुरी मान्य करण्याचा करार झाला आणि त्याखालचा अगदी पहिला नियम या तिरक्या डिपरचाच होता. अमेरिका त्यात कधीच आली नाही. इथेच ‘मंजूर’ या शब्दाचा गुंता सुरू होतो. युरोपीय दिव्यावर वर्तुळात ‘ई’ आणि एक आकडा असतो. 1 म्हणजे जर्मनी, 4 म्हणजे नेदरलँड्स, 11 म्हणजे ब्रिटन, 43 म्हणजे जपान. हा आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा. माल तिथे बनला असे त्यातून ठरत नाही, तरी जुन्या सुट्या भागांच्या बाजारात ‘ई1 आहे, जर्मन माल’ असे सांगून खपवले जाते. अमेरिकन दिव्यावरची ‘डीओटी’ (तिथल्या परिवहन खात्याची आद्याक्षरे) ही अक्षरे त्याहून फसवी. सरकारी शिक्का वाटतो, पण तो उत्पादकाने स्वतःच उमटवलेला असतो: आमचा दिवा मानकात बसतो, हे आमचे म्हणणे. सरकार नंतर बाजारातून नमुना उचलून तपासू शकते आणि दोष निघाला तर माल परत घ्यायला लावते. एकीकडे आधी परीक्षा मग विक्री, दुसरीकडे आधी विक्री मग जाब.

फ्रान्समध्ये 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पिवळे हेडलाइट सक्तीचे होते. शत्रूच्या गाड्या ओळखू याव्यात म्हणून, ही गोष्ट ऐकायला छान आहे. खरा हेतू डोळे कमी दिपावेत हा होता. 1993 मध्ये युरोपीय नियमांपुढे ती सक्ती संपली.

आता पासिंग, म्हणजे वापरातल्या गाडीची ठरावीक काळाने होणारी तपासणी. ब्रिटनमध्ये ते 1960 मध्ये सुरू झाले, दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी आणि फक्त ब्रेक, स्टिअरिंग, दिवे एवढ्यापुरते. नापास होणाऱ्यांची संख्या पाहून पुढच्याच वर्षी मर्यादा सात वर्षांवर आली, 1967 मध्ये तीनवर. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र ती चार. युरोपीय संघाचा किमान नियम पहिली तपासणी चार वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. त्याहून कडक करायला सदस्य देश मोकळे. ब्रिटनच्या तपासणीत डिपरची रेघ आजही मोजतात: दिवा 85 सेंटिमीटरपर्यंत उंचीवर असेल तर रेघ अर्धा ते दोन टक्के खाली उतरलेली हवी, म्हणजे दहा मीटरवर 5 ते 20 सेंटिमीटर. एप्रिल 1986 पासूनच्या मोटारीत हॅलोजन बल्बसाठी बनवलेल्या दिव्यात एलईडी बल्ब बसवलेला दिसला की गाडी नापास. कारण साधे आहे. परावर्तक त्या तंतूच्या जागेवर बेतलेला असतो. उजेडाचा बिंदू जरा सरकला की रेघच विस्कटते.

अमेरिकेत 1966 च्या महामार्ग सुरक्षा कायद्यानंतर केंद्राने महामार्गांचा निधी अडवण्याची भीती घालून राज्यांना तपासणी सुरू करायला लावली. 1976 मध्ये संसदेने ती वेसण सैल केली आणि राज्ये एकेक करून बाहेर पडू लागली.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत तर दोन्ही प्रवाह आणखी लांब गेले आहेत. समोरच्या गाडीपुरताच अंधार करून बाकी रस्ता उजळणारा बदलता झोत युरोपात रुळला, तेव्हा अमेरिकेत त्याला जागाच नव्हती, कारण मानकात फक्त अपर आणि डिपर. परवानगी आली फेब्रुवारी 2022 मध्ये, तीही स्वतःची वेगळी चाचणी लावून, त्यामुळे युरोपातला दिवा थेट चालत नाही. लाल इंडिकेटरचेही तसेच. 2009 मध्ये अमेरिकी सरकारच्याच अभ्यासात नारिंगी इंडिकेटरमुळे वळताना मागून बसणाऱ्या धडका 5.3 टक्क्यांनी कमी होतात असे निघाले. लाल तरीही चालूच आहे. ब्रिटनने तो सप्टेंबर 1965 पासूनच्या गाड्यांना बंद केला होता.

न्यू जर्सीने खासगी मोटारींची यांत्रिक तपासणी 2010 मध्ये थांबवली. टेक्सासने 1 जानेवारी 2025 पासून. तिथे आता खासगी गाडीचे दिवे, ब्रेक, टायर दरवर्षी कोणी पाहत नाही. ठरावीक परगण्यांत धुराची चाचणी तेवढी उरली आहे. तपासणीचे साडेसात डॉलर मात्र नोंदणीच्या वेळी घेतलेच जातात, ‘तपासणीच्या बदल्यातले शुल्क’ या नावाने.