हिमाची आगोट

तोक्योहून निगाताकडे जाणारी शिंकानसेन गाडी गुन्मा प्रांतातल्या डोंगरांच्या पायथ्याशी येते, तेव्हा भर जानेवारीतही बाहेर लख्ख ऊन असतं. शेतं कोरडी, आकाश निळंशार, वारा बोचरा. मग २२ किलोमीटर लांबीचा दाइशिमिझु बोगदा लागतो. गाडी पाच-सहा मिनिटांत तो पार करते आणि पलीकडे एचिगो-युझावा स्टेशनाच्या आसपासच्या घरांवर माणसाच्या छातीइतका बर्फ बसलेला दिसतो. आकाश राखाडी, आणि त्यातून बर्फ भुरभुरतच असतो.

कोकणात वाढलेल्या माणसाला हे दृश्य पाहून कुंभार्ली घाट आठवतो. जूनअखेरीला कराडहून निघावं तर तिथं उन्हाची तिरीप असते, कोयनेला भुरभुर लागते आणि माथा ओलांडून चिपळूणच्या अंगाला उतरू लागलं की गाडीचे वायपर हरतात. डोंगराची एक बाजू भिजते आणि दुसरी कोरडी राहते. जपानच्या हिमप्रदेशाचं सगळं शास्त्र याच अनुभवात आहे, फक्त ऋतू उलटा. म्हणून तिथल्या लोकांनी बर्फासाठी जे जे करून ठेवलंय ते मला कधी परकं वाटलं नाही. ती त्यांची आगोटीची, आपण पावसाळ्याआधी करतो तशी तयारी आहे.

आपल्याकडे नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून बाष्प पिऊन येतो, सह्याद्रीला धडकून वर चढतो, थंड होतो आणि रिता होतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि घाट उतरून तासाभरात वाईला पोहोचलं की तो हजाराच्याही आत येतो. जपानात हाच खेळ हिवाळ्यात होतो. सैबेरियावर थंड, जड हवेचा प्रचंड दाब तयार होतो आणि तिथून वायव्येचा वारा सुटतो. हा वारा निघतो तेव्हा अगदी कोरडा असतो. वाटेत त्याला जपानचा समुद्र लागतो. त्या समुद्रात दक्षिणेकडून त्सुशिमा नावाचा उबदार प्रवाह येतो. हवा गोठणबिंदूच्या खूप खाली आणि पाणी तिच्याहून कितीतरी ऊबदार. थंडीच्या सकाळी विहिरीतून वाफ निघताना आपण पाहतो, तसा तो अख्खा समुद्र वाफाळतो. उपग्रहाच्या छायाचित्रांत या वाफेचे ढग एकाशेजारी एक ओढलेल्या पांढऱ्या रेघांसारखे दिसतात. पुढे डोंगर आडवे येतात आणि रेघा तिथंच रित्या होतात. उरलेला कोरडा वारा तोक्योच्या मैदानात उतरतो. गुन्माची माणसं त्याला ‘काराकाझे’, म्हणजे रिकामा वारा म्हणतात.

त्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडते. निगाता शहर साधारण ३८ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे जवळपास अथेन्सच्या रेषेवर आहे. तिथली थंडी सैबेरियासारखी जीवघेणी नाही, पारा शून्याच्या आसपास घुटमळतो. पण बर्फ पाहावा तर निगाता प्रांतातल्या ताकादा गावात २६ फेब्रुवारी १९४५ रोजी जमिनीवर ३७७ सेंटीमीटरचा थर मोजला गेला. इबुकी डोंगरावर १४ फेब्रुवारी १९२७ रोजी ११.८२ मीटर, म्हणजे जवळपास चार मजली इमारतीइतका. उत्तरेकडच्या साप्पोरोत वीस लाखांच्या घरात माणसं राहतात आणि दर हिवाळ्यात तिथं सरासरी पावणेपाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो. एवढ्या मोठ्या शहरावर एवढा बर्फ पडतो आणि तरी तिथल्या शाळा, बाजार, बस चालू राहतात, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

पाऊस आणि बर्फ यांत एक मोठा फरक मात्र आहे. पाऊस पडतो आणि वाहून जातो. बर्फ पडतो आणि बसून राहतो. म्हणून तिथला खरा प्रश्न वजनाचा.

नुकता पडलेला बर्फ कापसासारखा असतो. बादलीभर घेतला तर त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास हवाच असते, घनमीटरला पन्नास ते शंभर किलो एवढंच वजन. पण दोन-चार दिवसांत तो स्वतःच्याच भाराने दबतो, दुपारी थोडा वितळतो, रात्री परत गोठतो आणि तीनशे किलोवर जातो. आता शंभर चौरस मीटरच्या छपराचा हिशोब करा. दबलेल्या बर्फाचा एक मीटर थर बसला तर घराच्या डोक्यावर तीस टन ओझं झालं. त्यातही निगाताचा बर्फ ओला, चिकट, कारण तो शून्याच्या काठावर पडतो. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचा कडाक्याच्या थंडीतला बर्फ कोरडा, फुंकर मारली तर उडेल असा. हिमकणाचा आकार हवेच्या तापमानावर आणि दमटपणावर ठरतो, हे उकिचिरो नाकाया या भौतिकशास्त्रज्ञाने साप्पोरोत शोधलं. १९३६ साली त्याने प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमकण वाढवला, तोही सशाच्या एका केसाच्या टोकावर. सुती, लोकरी धाग्यांवर कण नीट धरत नव्हते, ससाच कामी आला.

हे ओझं पेलायचं कसं, याचं सर्वांत देखणं उत्तर शिराकावा-गो या डोंगरी गावात आहे. तिथली जुनी घरं नमस्काराला जोडलेल्या हातांसारखी दिसतात. छपराचा उतार साठ अंशांपर्यंत, वर जाड गवताचं शाकार. छपराचे वासे खिळ्यांनी ठोकलेले नसतात, दोरांनी आणि लवचीक फांद्यांनी आवळून बांधलेले असतात. त्यामुळे वारा आणि बर्फ यांच्या भाराखाली सांधे किंचित हलतात, पण तुटत नाहीत. असं छप्पर काही दशकांनी नवं शाकारावं लागतं आणि ते एका घराच्या बळावर होत नाही. सगळं गाव एकत्र येऊन एका घराची शाकारणी करतं, पुढच्या खेपेला दुसऱ्याच्या. तिकडे याला ‘युई’ म्हणतात, आपल्याकडे इर्जिक. १९९५ साली युनेस्कोने या गावाला जागतिक वारशाचा मान दिला. माझ्या मते त्या वारशात छपराइतकाच वाटा युईचा आहे.

ताकादाच्या लोकांनी आणखी एक गोष्ट केली. प्रत्येक घराने रस्त्याकडेची आपल्या मालकीची पट्टी सोडली, तिच्यावर छप्पर पुढे ओढलं आणि शेजाऱ्याच्या छपराशी जुळवून घेतलं. त्यातून एक लांबलचक सामाईक पडवी तयार झाली. तिचं नाव ‘गांगी’. रस्ता बर्फाखाली गडप झाला तरी माणूस या पडवीतून गावभर कोरड्या पायांनी फिरतो. जागा खासगी आणि वाट सर्वांची. कधी काळी गाव एवढं बुडायचं की वाटसरूंसाठी बर्फावर ‘याच्या खाली ताकादा आहे’ अशी पाटी रोवत, असं सांगतात.

मग मोटारी आल्या आणि पडवी पुरेनाशी झाली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला नागाओका शहरात एक नवी युक्ती निघाली. तिथल्या जमिनीतून येणारं पाणी हिवाळ्यातही तेरा-चौदा अंशांचं असतं, खोल विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं तसंच. रस्त्याच्या मधोमध नळ पुरले, त्यांना बारीक भोकं ठेवली आणि हे पाणी कारंज्यासारखं रस्त्यावर सोडलं. बर्फ पडल्या पडल्या विरघळू लागला. १९६३ च्या जानेवारीत भयंकर हिमवर्षाव झाला, तेव्हा ही युक्ती डोळ्यांत भरली आणि पुढे सगळ्या हिमप्रदेशात पसरली.

पण इथं उष्णतेचं गणित आडवं येतं. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ नुसता वितळवायला ८० कॅलरी लागतात. तेरा अंशांचं एक ग्रॅम पाणी शून्यापर्यंत थंड होताना फक्त १३ कॅलरी देतं. म्हणजे एक किलो बर्फाला सहा किलोहून जास्त पाणी ओतायला हवं, तेही सगळी ऊब बर्फालाच मिळाली तर. रस्ते मोकळे झाले, पण जमिनीखालचं पाणी उपसलं गेलं आणि ताकादाच्या मैदानात, मिनामिउओनुमाच्या खोऱ्यात जमीन खचू लागली. आता बर्फ पडतानाच पाणी सुरू करणारे संवेदक बसवतात, उपशावर बंधनं आहेत. त्या पाण्यातल्या लोहाने रस्ते तांबूस झालेत, आपल्या जांभ्याच्या वाटांसारखे.

मला त्याहून आवडतो तो दुसरा उपाय. रस्त्याच्या कडेने झाकणं असलेले पाट काढायचे, त्यांत नदीचं पाणी खेळवायचं आणि घरासमोरचा बर्फ त्यात लोटून द्यायचा. सगळ्यांनी एकदम लोटला तर पाट तुंबतो आणि खालच्या आळीत पाणी शिरतं. म्हणून प्रत्येक आळीची वेळ ठरलेली असते. उसाच्या पट्ट्यात पाटाच्या पाण्याची पाळी असते ना, तशीच ही बर्फाची पाळी.

घराचं झालं, अंगाचं काय? उष्ण मुलखातला माणूस अशा ठिकाणी गेला की पहिल्या हिवाळ्यात हैराण होतो. थंडी लागताच त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत ओढलं जातं, बोटं बधिर होतात. तेवढ्याने भागलं नाही तर कुडकुडणं सुरू होतं. ती स्नायूंची धडपड असते, तिच्यामुळे शरीराची उष्णता काही वेळ पाचपटीपर्यंत वाढू शकते, पण माणूस दमून जातो. याशिवाय आपल्या अंगात एक शेगडी आहे, तपकिरी चरबीची. साधी चरबी ऊर्जा साठवते, ही चरबी ऊर्जा जाळून थेट उष्णता करते. तान्ह्या बाळांच्या पाठीत ती भरपूर असते. मोठेपणी ती संपते अशी समजूत होती, पण २००९ साली अनेक देशांतल्या संशोधकांनी ती प्रौढांच्या मानेजवळ आणि गळ्याच्या हाडांवर कार्यरत असल्याचं दाखवलं. त्यांत साप्पोरोचा गटही होता. याच गटाने पुढे काही तरुणांना सहा आठवडे रोज दोन तास १७ अंशांच्या खोलीत बसवलं आणि त्यांची तपकिरी चरबी अधिक जागी झाल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं. थंडीची सवय होते म्हणतात ती अशी, पेशींच्या पातळीवर आणि आठवड्यांच्या हिशोबाने. नवख्याने पहिल्या पंधरवड्यात स्वतःला नाजूक समजू नये.

तरीही या शेगडीवर विसंबून कुणी बाहेर पडत नाही. खरी राखण कपडे करतात आणि तिथं नवखी माणसं एकच चूक करतात. बर्फ उपसताना घाम फुटतो, आतला सुती सदरा भिजतो आणि काम थांबताच तो अंगातली ऊब शोषून घेतो. लोकर ओली झाली तरी तिच्या तंतूंत हवा धरून ठेवते. धनगराचं घोंगडं भर पावसात का चालतं, याचं उत्तर हेच.

जपानी घराचा एक दोष मात्र जीवावर उठतो. होक्काइदोतली घरं भक्कम, आतून सगळी उबदार. दक्षिणेकडच्या पुष्कळ घरांत फक्त एका खोलीत ऊब असते, पांघरूण घातलेल्या ठेंगण्या मेजाखाली शेगडी ठेवून सगळे त्यात पाय घालून बसतात. न्हाणीघर मात्र गारठलेलं. म्हातारी माणसं तिथं कपडे उतरवतात तेव्हा रक्तदाब झपकन चढतो, कढत पाण्याच्या टबात शिरताच तो घसरतो, शुद्ध हरपते आणि बुडून मृत्यू येतो. दर हिवाळ्यात असे बळी जातात. बाहेरच्या बर्फाचं भय सर्वांना असतं, घरातल्या दोन खोल्यांमधल्या तापमानाच्या फरकाचं फार थोड्यांना.

गाडीत अडकलेल्यांचीही गोष्ट तशीच. डिसेंबर २०२० मध्ये कान-एत्सु द्रुतगती मार्गावर दोन हजारांच्या आसपास गाड्या बर्फात रुतल्या, काहींची सुटका व्हायला दोन दिवस लागले. अशा वेळी इंजिन चालू ठेवून झोपणं घातक ठरतं. धूर सोडणारी नळी बर्फाने बुजली की कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला ना वास, ना रंग. म्हणून नळीभोवतीचा बर्फ पुन्हा पुन्हा उकरत राहावा लागतो.

आणि सर्वांत जास्त माणसं मरतात ती छपरावर. २००५-०६ च्या हिवाळ्यात बर्फाने १५२ जीव घेतले. त्यांत बहुतेक म्हातारी माणसं होती, छपरावरचा बर्फ खाली ढकलताना पडलेली किंवा घसरत्या थराखाली गाडली गेलेली. मुलं तोक्योला, घरात दोन म्हातारी माणसं आणि डोक्यावर तीस टन. एकट्याने छपरावर चढू नये, कमरेला दोर बांधावा, हे सर्वांना ठाऊक असतं. पण दोराचं दुसरं टोक धरायला कुणी तरी असावं लागतं. ज्या घरांत कुणीच राहत नाही ती एखाद्या जोरदार हिवाळ्यात आढ्यासकट खाली बसतात. कौलं परतायला माणूस उरला नाही म्हणून पावसात ढासळलेली घरं कोकणात गावोगाव आहेत. मला ही बातमी म्हणूनच परक्या देशाची वाटत नाही.

याच बर्फाखाली गाजरंही असतात. निगातातल्या त्सुनान गावात शेतकरी ती शरदात काढत नाहीत, जमिनीतच राहू देतात. वर दोन-तीन मीटर थर चढतो. त्यातली हवा दुलईचं काम करते आणि बाहेर कितीही गारठा असला तरी खालची माती शून्याच्या आसपास स्थिर राहते. गोठू नये म्हणून गाजर आपल्यात साखर वाढवतं, कारण साखरेचं पाणी शून्याच्या खाली गोठतं. मार्चमध्ये थर बाजूला सारून काढलेली ती गाजरं फळासारखी गोड लागतात. निगातातल्याच ओजिया आणि उओनुमाच्या बाया हिवाळाभर रॅमी नावाच्या झाडाच्या सालीचा धागा विणतात. कोरड्या हवेत तो तुटतो, बर्फाळ दमट हवेत मऊ राहतो. मुंबईच्या दमट हवेनं इथल्या सूतगिरण्यांना हात दिला, त्यातलाच हा प्रकार. विणलेलं कापड फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात बर्फावर पसरून शुभ्र करतात.

एप्रिल-मेमध्ये मैदान मोकळं होतं, पण डोंगरांवर पाणी अजून साठलेलंच असतं. धरण न बांधता झालेला साठा तो. म्योको परिसरातल्या एका डोंगराच्या अंगावर तेव्हा, वितळत्या बर्फातून, उडी घेणाऱ्या घोड्याची आकृती उमटते. ताकादाच्या मैदानातले शेतकरी पूर्वीपासून तिच्याकडे डोळे लावून असत. आपल्याकडे पावशा ‘पेरते व्हा’ म्हणून ओरडतो. तिथं घोडा दिसला की खाचरांत पाणी सोडायचं, आणि ते पाणी जानेवारीत डोंगरांवर साठलेल्या बर्फाचंच असतं.