फर्निचर मोजता येतं, मग ते 'अनकाउंटेबल' कसं?

इंग्रजीचा एक नियम आपण सगळे पाठ करतो: मोजता येणाऱ्या नामाआधी 'मेनी' आणि 'फ्यू', न मोजता येणाऱ्या नामाआधी 'मच' आणि 'लिटल'. नियम खरा आहे, पण 'मोजता येणं' या शब्दांनी घोटाळा होतो. खोलीतल्या खुर्च्या, टेबलं, कपाटं कुणीही मोजेल. तरी इंग्रजीत 'मेनी फर्निचर्स' चालत नाही. 'मच फर्निचर'च म्हणावं लागतं. नोटा तर मोजायच्याच असतात, आणि 'मनी' अनकाउंटेबल!

इंग्रजी विचारते ते एवढंच, की हा शब्द एकेका नगाचं नाव आहे की सगळ्या साठ्याचं? 'चेअर' हे नगाचं नाव, 'फर्निचर' हे साठ्याचं. साठ्यातला एक नग हवा असेल तर 'अ पीस ऑफ फर्निचर' म्हणायचं.

मराठीत 'किती पुस्तकं' आणि 'किती पाणी' यांना एकच 'किती' पुरतो, म्हणून हा भेद आपल्याला परका वाटतो. पण 'अनेक पाणी' म्हणून बघा, कानाला लगेच खटकेल. 'अनेक', 'कित्येक' हे शब्द मराठीतही नगांनाच लागतात. म्हणजे हा कान आपल्याकडे आधीपासून आहे, आणि शिकवताना त्याचा आधार घेतला जात नाही याची मला खंत वाटते. फक्त तो डोळे झाकून वापरता येत नाही, कारण दोन भाषांची वाटणी सारखी नाही. आपल्या बातम्या अनेक असतात, सल्लेही अनेक. इंग्रजीत 'न्यूज' आणि 'ॲडव्हाइस' दोन्ही साठ्यात जमा. डोक्यावरचे केस मिळून 'हेअर', पण कोटावर सापडलेला एकच केस 'अ हेअर'.

'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांतला फरक मात्र मराठी माणसाला सोपा जावा. आपल्याकडे ते काम 'च' करतो. 'थोडेच मित्र आले' म्हणजे 'फ्यू', 'थोडे मित्र आले' म्हणजे 'अ फ्यू'. 'लिटल' आणि 'अ लिटल' यांचंही तसंच.

'मोअर' हा शब्द नग आणि साठा दोन्हींना चालतो. उलट बाजूला 'फ्यूअर' आणि 'लेस' अशी वाटणी सांगतात. पण 'लेस' नगांनाही पूर्वापार लावला जात होता. इंग्रजी भाषेवर लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकर यांनी 1770 मध्ये नगांसाठी 'फ्यूअर' बरा, अशी आपली पसंती लिहिली आणि पुढे तिचाच नियम झाला.

'मोअर'च्या या दुहेरी स्वभावाचा डेव्हिड बार्नर आणि जेसी स्नेडेकर या मानसशास्त्रज्ञांनी 2005 मधल्या संशोधनात छान उपयोग केला. एकाकडे एक मोठी वस्तू, दुसऱ्याकडे तशाच काही छोट्या, पण सगळ्या मिळूनही मोठीपेक्षा कमी भरणाऱ्या. जास्त कुणाकडे? हा प्रश्न त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना आणि चार वर्षांच्या मुलांना विचारला. 'शूज'च्या बाबतीत लोकांनी नग पाहिले, टूथपेस्टच्या बाबतीत आकारमान. दगडांच्या बाबतीत उत्तर शब्दावर ठरलं: 'मोअर स्टोन' विचारलं तर मोठा दगडवाला, 'मोअर स्टोन्स' विचारलं तर छोटे दगडवाला. आणि 'मोअर फर्निचर' विचारल्यावर? व्याकरण साठा म्हणत असूनही मोठ्यांनी आणि मुलांनीही नगच मोजले.