घरगुती मत्स्यपेटीतील देशी सनफिश

उत्तर अमेरिकेतील तळी, ओढे आणि संथ नद्यांतून स्वतः पकडलेले सनफिश घरच्या काचेच्या टाकीत पाळण्याचा छंद. समुद्रात राहणारा, गाडीच्या चाकासारखा गोल आणि अवाढव्य सनफिश (मोला मोला) वेगळा. त्याचा या माशांशी नात्याचा संबंध नाही. येथे ज्यांचा विचार केला आहे ते सेंट्रार्किडी कुळातले गोड्या पाण्यातले मासे. या कुळात तीसहून अधिक जाती असून त्यांचे मूळ घर फक्त उत्तर अमेरिका आहे. भारतात हे कुळ नैसर्गिकरीत्या आढळत नाही. तरीही गोव्याच्या खाडीतली काळुंदर ज्याने पाहिली आहे, त्याला सनफिशची ठेवण ओळखीची वाटेल: दोन्ही बाजूंनी चपटे, उंच अंग, पाठीवर काटेरी पर आणि अंड्यांपाशी कोणालाही फिरकू न देणारा स्वभाव. काळुंदरीत मात्र पिल्लांची राखण नर आणि मादी दोघे करतात, सनफिशमध्ये ती एकट्या नराच्या गळ्यात असते.

पाळणाऱ्यांच्या आवडीच्या बहुतेक जाती लेपोमिस या प्रजातीतल्या. ‘लेपोमिस’चा अर्थ खवले असलेले झाकण. हे झाकण म्हणजे कल्ल्यांवरचे. त्याच्या मागच्या टोकाला गडद रंगाचा ‘कान’ असतो आणि जात ओळखताना आधी तोच पाहतात. पम्पकिनसीडच्या (लेपोमिस गिब्बोसस) कानावर लाल-केशरी ठिपका असतो. ब्लूगिलचा (लेपोमिस मॅक्रोकायरस) कान पूर्ण काळा. लाँगइअरचा लांबलचक, कडेला पांढरट रेघ असलेला. विणीच्या दिवसांत लाँगइअरच्या नराचे पोट शेंदरी होते आणि गालांवर निळ्या रेघा उमटतात. अशा रंगाचा मासा ॲमेझॉनमधून आला असता तर दुकानात चढ्या भावाने विकला गेला असता. स्वतःच्या देशात मात्र तो मुलांनी गळाला गांडूळ लावून पकडायचा मासा म्हणूनच ओळखला जातो, हे दुर्दैव. या उपेक्षित माशांकडे लोकांनी नीट पाहावे, यासाठी ‘नॉर्थ अमेरिकन नेटिव्ह फिशेस असोसिएशन’ ही संस्था १९७२ पासून काम करते.

टाकी लहान असेल तर एनियाकँथस प्रजातीतल्या जाती सोयीच्या. त्या जेमतेम आठ-दहा सेंटिमीटर वाढतात. त्यांतल्या काळ्या पट्ट्यांच्या सनफिशची जर्मनीतल्या मत्स्यपालकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच कदर केली. न्यू जर्सीतल्या पाइन बॅरन्स या पाइनच्या जंगलपट्ट्यातल्या चहासारख्या तपकिरी, आम्लधर्मी पाण्यात तो राहतो. अनेक राज्यांत त्याची संख्या घटली असून काही ठिकाणी त्याला कायद्याचे संरक्षण आहे; अशा ठिकाणी तो पकडणे हा गुन्हा ठरतो. एलासोमा हे ‘बुटके सनफिश’ तीन-चार सेंटिमीटरचे असतात. त्यांचे कुळ वेगळे, पण पाळणाऱ्यांच्या जगात ते याच छंदात मोडतात. त्यांच्यापैकी अलाबामातल्या झऱ्यांत राहणाऱ्या एका जातीला २०१३ साली अमेरिकेच्या संघराज्य शासनाने धोक्यात आलेली जात म्हणून घोषित केले.

‘देशी’ या शब्दाचा अर्थ येथे नदीखोऱ्यानुसार बदलतो, राज्याच्या सीमेनुसार नाही. ब्लूगिल मिसिसिपीच्या खोऱ्यात देशी आहे, कॅलिफोर्नियात मात्र माणसाने नेऊन सोडलेला. रॉकी पर्वतांच्या पश्चिमेला या कुळातला एकच मासा मूळचा, सॅक्रामेंटो पर्च. कायदा मात्र राज्याच्या सीमेनेच चालतो. बहुतेक ठिकाणी मासेमारीचा परवाना लागतो, पण परवाना आहे म्हणून पकडलेला मासा जिवंत घरी नेता येतोच असे नाही. काही राज्ये जिवंत वाहतुकीलाच मनाई करतात, काही जाळ्याच्या आकारावर बंधन घालतात. एका राज्याचा नियम मोडून पकडलेला मासा दुसऱ्या राज्यात नेला, तर मूळ १९०० चा आणि पुढे माशांपर्यंत विस्तारलेला लेसी कायदा, म्हणजे वन्यजीवांच्या बेकायदा व्यापार-वाहतुकीविरुद्धचा अमेरिकी संघराज्याचा कायदा, लागू होतो. म्हणून जाळे पाण्यात टाकण्याआधी राज्याच्या मत्स्यविभागाची नियमावली वाचणे ही या छंदाची पहिली पायरी.

पकडण्यासाठी हातजाळे, छोटे ओढजाळे किंवा तारेचा सापळा वापरतात. ओढजाळे म्हणजे कोकणच्या रापणीची धाकटी बहीण: दोघांनी दोन टोके धरून काठाकडे ओढत आणायचे. गळ वापरायचाच तर सर्वांत लहान, आणि त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केलेला. टाकीसाठी पाच-सहा सेंटिमीटरची पिल्ले निवडावीत. ती लवकर रुळतात आणि नव्या खाण्याला तोंड लावतात. शिवाय मोठा नर उचलला तर त्याच्या घरट्यातली सगळी अंडी त्याच दिवशी इतर माशांच्या पोटात जातात. वसंताच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत उथळ पाण्यात घरट्यावर बसलेल्या नराला हात लावू नये.

घरी नेताना प्लॅस्टिकची पिशवी टाळतात, कारण पाठीचे काटे ती फाडतात. झाकणाची बादली किंवा थर्माकोलची पेटी, त्यात त्याच ओढ्याचे पाणी आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप एवढे पुरते. पाणी तापू देऊ नये. ऑक्सिजन गरम पाण्यात कमी विरघळतो आणि उन्हात उभ्या गाडीत मासे मरतात ते बहुधा यामुळेच.

रानातून आलेला मासा एकटा येत नाही, सोबत परजीवी घेऊन येतो. म्हणून त्याला निदान महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवतात. पांढरे ठिपके आणणारा ‘इक’, कातडीत रुतून बसणारा लर्निया आणि जखमेवर कापसासारखा थर आणणारे जिवाणू या काळात उघड होतात. नवख्याला सर्वांत घाबरवणारे मात्र काळे ठिपके, आणि नेमके तेच टाकीत निरुपद्रवी. हे ठिपके म्हणजे एका चपट्या कृमीच्या अळीभोवती माशाच्या कातडीने धरलेला काळा रंग. हा कृमी प्रौढ होतो खंड्याच्या आतड्यात. त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात पडतात, त्यातून निघालेली अळी गोगलगाईत शिरते, तिथून बाहेर पडून सनफिशच्या कातडीत घर करते आणि खंड्याने तो मासा गिळेपर्यंत वाट पाहते. टाकीत खंड्या नसतो, त्यामुळे साखळी तिथेच तुटते. अशा माशावर औषधांचा मारा करणे म्हणजे विनाकारण त्याला छळणे.

खाण्याचा प्रश्न पहिल्या आठवड्यात सोडवावा लागतो. ओढ्यातल्या माशाच्या लेखी जे हलते ते अन्न. तरंगणारा दाणा त्याला अन्न वाटतच नाही. सुरुवात गांडुळाच्या तुकड्यांनी, डासांच्या अळ्यांनी करतात. मग ब्लडवर्म नावाने मिळणाऱ्या गोठवलेल्या लाल अळ्या, आणि त्या ओळखीच्या झाल्या की त्यांच्यात मिसळून दाणे. एका माशाने दाणा उचलला की बाकीचे पाहून शिकतात. माणूस जवळ आला की काचेपाशी धावणारा, बोटामागे फिरणारा हा मासा पाहिला की तो काही महिन्यांपूर्वी सावलीलाही पळत होता हे खरे वाटत नाही. पम्पकिनसीड आणि लेपोमिसमधलीच रेडइअर ही जात यांच्या घशात गोगलगाईचे शंख फोडणारे दात असतात. त्यांना अधूनमधून बारीक गोगलगाई द्याव्यात.

टाकीचा आकार हा सर्वांत जास्त चुका होणारा विषय. तळहाताएवढ्या होणाऱ्या लेपोमिससाठी २०० लिटरची टाकी ही सुरुवात समजावी, गटासाठी ३०० लिटर किंवा अधिक. एनियाकँथसच्या छोट्या गटाला ७५ लिटर चालते. नळाच्या पाण्यातले क्लोरिन काढायचे, गाळणयंत्र दणकट घ्यायचे आणि तळाला वाळू घालायची. हीटर लागत नाही. दोनच सनफिश ठेवले तर थोरला धाकट्याला कोपऱ्यात दाबून मारतो. सहा-सात ठेवले तर राग वाटला जातो. हिरवा सनफिश (लेपोमिस सायनेलस) मात्र एकटाच बरा, त्याच्या तोंडात मावेल ते सर्व त्याचे भक्ष्य.

हिवाळ्यात दोन-तीन महिने पाणी १०–१५ अंश सेल्सिअसला ठेवून मग हळूहळू २० च्या पुढे नेले आणि दिवसाचा उजेड वाढवला की नराला रंग चढतो. शेपटीने वाळू झाडून तो बशीसारखा खळगा करतो. वाटेत येणारी झाडे उपटली जातात, म्हणून ती कुंडीत लावतात. मादीभोवती गोल फिरताना नर घुरघुरल्यासारखा आवाज काढतो. अंडी दिल्यावर मादीला लगेच वेगळे करावे, नाहीतर तोच नर तिला ओरबाडतो. यानंतरचे त्याचे वागणे पाहण्यासाठीच पुष्कळ जण हा छंद करतात: तो खळग्यावर परांनी पाणी हलवत राहतो, मेलेली अंडी उचलून टाकतो, टाकीत घातलेल्या हातावरही तुटून पडतो.

ब्लूगिलमध्ये याहून गुंतागुंतीचा संसार आहे. कॅनडातल्या ओन्टारिओ प्रांतातील ओपिनिकॉन तलावात झालेल्या संशोधनात दिसले की घरटे बांधणारे नर सातव्या वर्षाच्या सुमारास प्रौढ होतात, पण काही नर दुसऱ्या वर्षीच. हे छोटे नर घरटे बांधत नाहीत. आधी ते चोरून घरट्यात घुसतात, थोडे मोठे झाल्यावर मादीचे रूप घेऊन आत जातात आणि आपला वंश दुसऱ्याच्या राखणीवर सोपवतात. टाकीत ‘मादी’ म्हणून ठेवलेला फिकट मासा खरोखर मादी असेलच, असे म्हणूनच छातीठोकपणे सांगता येत नाही.

एकदा टाकीत आलेला मासा पुन्हा पाण्यात सोडायचा नाही, ज्या ओढ्यातून आणला तिथेही नाही. टाकीतले इतर मासे आणि झाडे यांच्याकडून आलेले रोग त्याच्यासोबत रानात जातात. या कुळाने दूरदेशी काय केले हेही समोर आहे. पम्पकिनसीड एकोणिसाव्या शतकात युरोपात शोभेचा म्हणून गेला, पसरला, आणि २०१९ साली युरोपीय संघाच्या आक्रमक परकीय जातींच्या यादीत आला. १९६० साली तत्कालीन जपानी युवराज अकिहितो यांना शिकागो भेटीत ब्लूगिल भेट मिळाले. अन्न म्हणून वाढवण्यासाठी नेलेले ते मासे पुढे बिवा सरोवरासह देशभर पसरले आणि तोवर सम्राट झालेल्या अकिहितोंनी, जे स्वतः मत्स्यशास्त्रज्ञ आहेत, २००७ मध्ये त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. जपानमध्ये आता ब्लूगिल विनापरवानगी पाळणेही बेकायदा आहे.

नीट ठेवलेला सनफिश आठ-दहा वर्षे जगतो. मोठ्या झालेल्या माशासाठी मोठी टाकी असलेला दुसरा पाळणारा, शाळा किंवा निसर्गकेंद्र शोधावे लागते. त्यामुळे अनुभवी माणसे ओढ्याकाठीच मोजून चार पिल्ले ठेवतात आणि जाळ्यातली बाकीची तिथल्या तिथे, पाण्यातून बाहेर न काढता, सोडून देतात.